अकरावी सायन्सआधीचे दोन महिने: फाउंडेशन बॅच लावावी का?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी मराठी माध्यमातून दहावीची परीक्षा देऊन घरी बसली आहे. घर मुंबईत काळाचौकीला, चाळीत, दोन खोल्यांचं. अकरावीला सायन्स घ्यायचं पक्कं आहे. नाक्यावरचे क्लासवाले दोन महिन्यांच्या 'फाउंडेशन बॅच'चे चाळीस हजार सांगतात. शेजारचा मुलगा म्हणतो, सगळं मोबाईलवर फुकट आहे, कशाला पैसे घालवता? त्यांनी विचारलंय: पैसे भरावेत का, आणि नाही भरले तर घरी नेमकं काय करून घ्यावं?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. ती बॅच अकरावीचे पहिले चार धडे उरकून देणारी असेल तर भरू नका. मुलीला स्वतःच्या हाताने मोजायला लावणारी आणि चुकल्यावर ती चूक तिलाच शोधायला लावणारी असेल तर खुशाल भरा. पण अशी बॅच मी एकोणतीस वर्षांत दोनदाच पाहिली, आणि दोन्ही वेळा ती कुणातरी निवृत्त सरांच्या घरी, दहा-बारा मुलांची होती. फी विचारायची वेळच आली नाही.

मी चौदा वर्षं परळ भागातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि पुढची पंधरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतेय. शाळेत पोरं 'बाई' म्हणायची, कॉलेजात 'मॅडम' म्हणतात. वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत एखादीच्या तोंडून भर वर्गात 'बाई' निघून जातं आणि मागचे बाक हसतात. ती पोरगी मग आठवडाभर शंका विचारत नाही. सायन्सला गेलेल्या मराठी माध्यमाच्या मुलांचं नुकसान कशाने होतं असं मला कुणी विचारलं, तर मी या गप्प राहण्याचं नाव आधी घेईन आणि इंग्रजीचं नंतर.

पावसाळ्यात पहिली युनिट टेस्ट होते. दहावीला विज्ञानात ९२ मिळवलेली मुलगी २५ पैकी ७ घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी राहते. घरी सगळ्यांना वाटतं, इंग्रजी आडवं आलं. येतं, नाही असं नाही. पण पेपर उघडला की दिसतं ते वेगळंच. सेंटिमीटरचे मीटर केलेले नसतात. सूत्रातला वर्ग असलेला टी एका बाजूला आणता आलेला नसतो. दहाचा उणे तिसरा घात आणि तिसरा घात यांत फरक वाटलेला नसतो. आलेख भलताच वाचलेला असतो. यातलं इंग्रजी कुठलं? राज्य मंडळाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकाचा पहिला धडा एककं आणि मापनाचा आहे, दुसरा गणिती पद्धतींचा. गतीचे नियम चौथ्या धड्यात येतात. पुस्तकवाल्यांनी क्रम विचार करून लावलाय. क्लासमध्ये मात्र हेच पहिले दोन धडे सर्वांत पटकन उरकतात, कारण 'त्यात काय आहे?'

आलेखाचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते मला स्वतःला शिकवून गेलं.

नववीच्या एका वर्गाला मी गृहपाठ दिला होता: शनिवारी-रविवारी लोकलने कुठे जाल तर प्रत्येक स्टेशनला गाडी कधी आली आणि कधी सुटली ते वहीत टिपा, स्टेशनांमधली अंतरं नकाशावरून काढा आणि अंतर-कालाचा आलेख काढून आणा. वेळ आडव्या अक्षावर, अंतर उभ्या. सोमवारी वह्या आल्या. चाळीसपैकी अकरा वह्यांत गाडी दादरला, कुर्ल्याला, घाटकोपरला थांबली त्या जागी सरळ उभी रेषा. मला वाटलं, एकीने काढली आणि बाकीच्यांनी उतरवली. एकीला फळ्यापाशी बोलावलं. म्हटलं, ही रेषा अशी का गं? ती म्हणाली, "बाई, गाडी उभी राहिली ना तिथे. म्हणून उभी."

पंधरा-वीस सेकंद मला काही बोलता आलं नाही. बरोबरच होतं की तिचं! आपल्या भाषेत थांबलेली गाडी 'उभी' असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांकडून अगदी ही चूक या कारणाने होणार नाही. त्यांच्या वेगळ्या असतात. मी तिला एवढंच सांगितलं, उभ्या रेषेवर बोट ठेव आणि वरच्या टोकाला वेळ किती, अंतर किती ते वाच. तिने वाचलं: वेळ तीच, अंतर मात्र दोन किलोमीटरने वाढलं. "म्हणजे गाडी उडाली?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, ती पण हसली आणि खोडरबर घेऊन रेषा आडवी करायला बसली. वीस मिनिटं गेली. त्या आठवड्याचा पोर्शन मागे पडला आणि मला मुख्याध्यापकांचं ऐकावं लागलं.

हे दोन महिन्यांच्या बॅचमध्ये होऊ शकतं का? होऊ शकतं, पण त्यासाठी शिकवणाऱ्याने प्रत्येक वही पाहायला हवी. ऐंशी मुलांच्या बॅचमध्ये माईक लावून शिकवणाऱ्या सरांना कोणाची रेषा उभी आहे ते कळणार नाही. शेजारच्या मुलाच्या फुकटच्या व्हिडिओलाही कळणार नाही. हा माझा दोघांवर सारखाच आक्षेप आहे.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर पुढे बोलते. बल, शक्ती, ऊर्जा हे आपण घरात एकाच अर्थाने वापरतो. जोर आणि ताकदही त्यातच. पुस्तकात बल म्हणजे फोर्स, शक्ती म्हणजे पॉवर, ऊर्जा म्हणजे एनर्जी, आणि तिघांची एककं तीन: न्यूटन, वॅट, ज्यूल. चाल, वेग, गती यांचंही तसंच. वजन तर विचारूच नका: दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात 'वजन न्यूटनमध्ये' असं पाठ केलेली मुलगी घरी येऊन काट्यावर उभी राहते आणि ४८ किलो 'वजन' सांगते. दोन्हीकडे पूर्ण गुण. अकरावीला हे दोन खण एकमेकांवर आपटतात.

यासाठी तुम्हाला एक गोष्ट फुकटात करता येईल आणि माझ्या मते ती सर्वांत उपयोगाची आहे. बालभारतीची दहावीची विज्ञान आणि तंत्रज्ञानाची दोन्ही पुस्तकं मराठीत घरी आहेतच. तीच इंग्रजी माध्यमाची ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या, किंवा शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची जुनी मागा. दोन्ही पुस्तकांत धडे तेच, आकृत्या त्याच. मुलीने रोज दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचायची. आशय तिला येतोच आहे, परीक्षा दिलीय तिने. फक्त शब्द बदलतात. त्वरणाला ॲक्सिलरेशन, विभवांतराला पोटेन्शियल डिफरन्स, अप्रकट उष्म्याला लेटंट हीट, अवक्षेपाला प्रेसिपिटेट. एका छोट्या वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, अपवर्तन, भिंगं, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया एवढे धडे जरी मेअखेर झाले तरी जुलैत तिला वर्गात मान खाली घालून बसावं लागणार नाही. अकरावीचं नवं काही इंग्रजीतून आत्ता वाचायला लावू नका. नवा आशय आणि नवी भाषा एकदम आली की मूल घोकायला लागतं.

(जाता जाता: नीट आणि जेईई मेनच्या प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येतात. तो निर्णय पुढचा आहे, आज त्याचं ओझं नको. पण 'इंग्रजी आलं नाही तर सगळं संपलं' असं क्लासच्या काउंटरवर कुणी सांगितलं तर घाबरू नका.)

आता थोडं जगातलं सांगते, म्हणजे हे माझं एकटीचं खूळ वाटू नये. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली, 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी'. गणित जवळजवळ नाहीच, साध्या भाषेतले पर्यायी प्रश्न. चेंडू वर फेकला, हातातून सुटल्यावर त्यावर कोणती बलं? ट्रक आणि छोटी गाडी धडकली, कोणाचं कोणावर बल जास्त? उदाहरणं भराभर सोडवणारी कॉलेजची मुलंही इथे आपटली. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांना वाटलं, आपल्या मुलांचं असं होणार नाही. त्यांनी चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? तो प्रश्न ऐकून माझूर यांनी स्वतःची शिकवायची पद्धतच बदलली.

मी चेंडूचा प्रश्न दरवर्षी पहिल्या तासाला विचारते. हातातला खडू वर फेकते आणि झेलते. वर जाताना बल कुठल्या दिशेला? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, वर. क्लास करून आलेलेही म्हणतात, फाउंडेशन केलेलेही. त्यांतल्या काहींना गतीचे तिन्ही नियम इंग्रजीत तोंडपाठ असतात. हवेचा अडथळा सोडला तर हात सुटल्यावर खडूवर एकच बल उरतं, गुरुत्वाचं, खालच्या दिशेने. वर जातो तो आधीच्या वेगामुळे. हे पटायला आठवडा लागतो. तुमच्या नाक्यावरच्या बॅचच्या डेमो लेक्चरला जाल तेव्हा सरांना हाच प्रश्न वर्गाला विचारायला सांगा आणि पुढे काय होतं ते बघा. सरांनी लगेच उत्तर सांगून टाकलं तर तिथेच तुमचा निर्णय झाला. मुलांना वाद घालू दिला तर मात्र थांबा, माणूस कामाचा आहे.

घरी काय करायचं, याकडे येते. दोन खोल्या पुरतात.

एक जड कुलूप घ्या, गोदरेजचं जुनं असेल तर उत्तम. शिवणकामाचा दोरा, आईची शिलाईची टेप, मोबाईलचं स्टॉपवॉच. दोरा दाराच्या चौकटीला खिळ्यावरून सोडायचा, कुलूप जमिनीपासून वीतभर वर लोंबलं पाहिजे. बाजूला चार बोटं ओढून सोडायचं, जास्त नाही. २० झोके मोजायचे, वेळ घ्यायची. जाऊन-येऊन एक झोका. इथेच निम्मी मुलं चुकतात आणि उत्तर भलतंच येतं. मग मीटरमधल्या लांबीला साधारण ३९.५ ने गुणून, एका झोक्याच्या वेळेच्या वर्गाने भागायचं. येतं ते गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. पुस्तकात ते ९.८ असतं. ३९.५ कुठून आला? तो चार पायवर्ग आहे, हे तिला काढू दे.

माझ्याकडे एक मुलगी होती, दहावी संपवून सुट्टीत येऊन बसायची. तिने हे केलं. दोऱ्याची लांबी ९४ सेंटिमीटर, २० झोक्यांना ३९.८ सेकंद. उत्तर आलं ९.३७. तिचा चेहरा उतरला. "बाई, खोडून ९.८ लिहू?"

हे वाक्य मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षातून शंभरदा ऐकते, फक्त तिथे कुणी विचारत नाही, गुपचूप लिहितात. याला आमच्याकडे 'रीडिंग जुळवणं' म्हणतात. उत्तर माहीत असतं, त्यावरून उलट गणित करून जर्नलमध्ये आकडे भरतात. सबंध वर्गाचं उत्तर ९.८ येतं, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत. तपासणारे आम्हीही सही करतो. ही लाज मी स्वतःकडेही घेते.

तिला म्हटलं, खोडायचं नाही. ९.३७ आलं तर कशामुळे कमी आलं असेल? वेळ चुकली असेल, म्हणाली. परत केलं: ३९.७, ३९.८, ३९.८. वेळ पक्की. मग झोके मोजायला चुकलो? नाही, दोघींनी मोजले. ती बराच वेळ कुलपाकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाई, दोरा कुलपाच्या कडीपर्यंत मोजला. पण कुलूप तर खाली आहे." टेप परत लावली, कुलपाच्या पोटापर्यंत. ९८ आलं. गणित केलं: ९.७७. मुंबईत खरी किंमत ९.७९ च्या आसपास आहे, साध्या खिळ्यावर आणि शिवणाच्या दोऱ्यावर इतकं जवळ आल्यावर ती उठून घरी आईला सांगायला पळाली. वस्तुमानकेंद्र हा शब्द तिला मी त्यानंतर सांगितला. त्या एका दुपारी तिने मापन, एकक, प्रमाणबद्धता, चुकांचं विश्लेषण हे सगळं केलं. त्याच नावाचा अकरावीचा पहिला धडा जुलैत वर्गात सुरू झाला तेव्हा ती कंटाळली नाही आणि घाबरलीही नाही.

केमिस्ट्रीत जिथे पाय अडकतो ती जागा म्हणजे मोल, अणू-रेणू मोजायचा ठरावीक संख्येचा गठ्ठा. मुलांना वाटतं, हे काहीतरी इंग्रजी एकक आहे, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात पाठ केला की झालं. दुपारी वाण्याकडे गर्दी नसते तेव्हा त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर राजम्याचे शंभर दाणे आणि मसुराचे शंभर दाणे तोलून आणायला सांगा. समजा राजमा ४० ग्रॅम भरला आणि मसूर ४ ग्रॅम. आता दोन पिशव्यांत दाण्यांची संख्या सारखी हवी, मोजायचं मात्र नाही. काय कराल? राजमा मसुराच्या दहापट वजनाचा घ्याल. एक किलो मसूर तर दहा किलो राजमा. बस. कार्बनचा अणुवस्तुमानांक १२, मॅग्नेशियमचा २४. म्हणून १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशियम यांत अणू सारखेच. मोजता येत नाही इतकं बारीक असलं की तोलून मोजायचं, सुट्टी नाणी बँकेत तोलतात तसं. हे एकदा हाताला कळलं की मोलची निम्मी गणितं सुटतात.

दहाच्या घातांसाठी तुम्हाला स्वतःला आठवत असलेली एक तारीख वापरा: २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एका चौरस मीटरवर ९४४ मिलिमीटर म्हणजे किती लिटर? ९४४ लिटर. बरेच जण इथेच थबकतात, कारण मिलिमीटर आणि लिटर यांचा संबंध कधी जोडलेलाच नसतो. मग एका चौरस किलोमीटरवर? दहा लाखपट, ९४ कोटी ४० लाख लिटर. ते दहाच्या घातांत लिहायला सांगा. तुम्ही त्या रात्री कुठे अडकला होतात ते सांगत सांगत हे गणित करा, ती विसरणार नाही.

बाकी किरकोळ. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, आणि हळद-चुन्यापासून कुंकू होतं, ते एकाच कारणाने. आम्ल-आम्लारीचा धडा तिथून उजळता येतो. माठातलं पाणी मुंबईत नागपूरइतकं गार का होत नाही, हे बाष्पीभवन आणि आर्द्रतेचं कोडं आहे. दोन तापमापी घेऊन एकीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवा. तापमापी प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळते. लॅमिंग्टन रोडवरून काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणला तर टॉर्चचे सेल, छोटा बल्ब आणि वायरीचे तुकडे यांवर आठवडा जाईल. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो लावायचा नाही, हे मात्र दरडावून सांगा.

मोबाईलवरचं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत, आणि त्यांत स्वतः काहीतरी हलवावं लागतं, नुसतं बघत बसता येत नाही. ती नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केली. विद्युतमंडलाचं आणि प्रक्षेप्य गतीचं जरूर करून घ्या. पुण्याच्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणीही फुकट बघता येतात, आणि बघून लगेच करता येतात. लेक्चरचे व्हिडिओ मात्र दिवसाला एकाच्या वर नकोत. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं. वही-पेन घेऊन तेच करायला बसलं की कळतं.

बाहेर पडायचं तर वरळी तुमच्यापासून लांब नाही. नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून तिथे आहे, जवळच तारांगण. पण शाळेची सहल जाते तसं दोन तासांत धावत जाऊ नका. एका दिवसात तीनच प्रयोग, प्रत्येकापाशी अर्धा तास, आणि घरी येऊन त्यांतलं एक स्वतः करून बघायचं. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. परिषद १९६६ ची, मराठीतून विज्ञान बोलणारी माणसं तिथे भेटतात. आणि मराठीतून विज्ञान बोलणारं मोठं माणूस प्रत्यक्ष पाहणं, हे 'बाई' म्हटल्यावर वर्गाने हसलेल्या मुलीसाठी फार मोठं असतं. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिम्पियाडसाठी प्रसिद्ध आहे. मुलीला गोडी लागली तर वर्षभराने तिकडचं बघा.

आता क्लासबद्दल न्यायाने बोलायला हवं. घरात दिवसभर टीव्ही चालू असेल, दोघं कामावर असाल, मुलीला एकटीला टेबलाशी बसायची सवय नसेल, तर क्लासचा उपयोग होतो, शिस्तीसाठी. तेव्हा चाळीस हजारांचा नको, जवळच्या एखाद्या शिक्षकाकडे गणित लावा. होय, गणित. अकरावीच्या फिजिक्सची तयारी म्हणून मी आई-वडिलांना सर्वांत आधी सुचवते ते हेच: दहावीचं बीजगणित परत, भूमितीतली त्रिकोणमिती परत, सूत्रातलं कुठलंही अक्षर एकटं करता येणं, आणि आलेख. एवढं पक्कं झालं की पुढे कुठल्याही सरांचं शिकवणं तिला झेपेल.

आणि डेमो लेक्चरनंतर मुलीला 'समजलं का?' विचारू नका, ती हो म्हणेल. 'आज तुझं काय चुकलं?' विचारा. काहीच चुकलं नाही असं म्हणाली तर तिला तिथे नुसतं बसवून ठेवलं होतं. माझ्या जुन्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं, त्यात एक चांगला सूक्ष्मदर्शक प्लास्टिकच्या पिशवीसकट ठेवलेला, आणि किल्ली ऑफिसात. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी तो बाहेर निघायचा, पुसला जायचा, परत आत जायचा. चौदा वर्षांत मुलांनी तो तीनदा वापरला असेल, तोही मी भांडले म्हणून. चाळीस हजारांच्या चकचकीत बॅचकडे बघताना मला ते कपाट आठवतं.

एक गोष्ट तारीख बघून करायची आहे, म्हणून शेवटी लिहिते. मुंबई १९ अंश उत्तरेवर आहे. महाराष्ट्र दिनी दुपारी एक मीटर लांबीची काठी गच्चीवर ओळंब्यात उभी केलीत तर सावली साधारण ७ सेंटिमीटर आणि उत्तरेकडे पडते. रोज मोजली तर ती घटत जाते. १५-१६ मेच्या आसपास दुपारी ती नाहीशी होते, सूर्य अगदी डोक्यावर. त्यानंतर जूनमध्ये तीच सावली दक्षिणेकडे पडू लागते, आणि हे बहुतेक मोठ्या माणसांनीही कधी पाहिलेलं नसतं. वेळ बाराची नाही. आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, मुंबई आहे ७३ च्या जरा अलीकडे. म्हणून आपली खरी मध्यान्ह त्या दिवसांत १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होते. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, ती याचमुळे. ३९ मिनिटांचं ३५ का झालं, हे तिला विचारायला ठेवा. त्याचं उत्तर शोधताना ती पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोचेल. जुलैच्या २७-२८ ला सावली परत नाहीशी होते, पण तेव्हा मुंबईत सूर्य दिसायची आशा करू नका.

१ मेपासून रोज १२.२० ला काठी, टेप आणि वही घेऊन गच्चीवर. चाळीच्या गच्चीला कुलूप असतं, तेव्हा किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा. आमच्या इमारतीत ती दरवर्षी १६ तारखेलाच सापडत नाही.